शब्दचर्चा : कब्जा, ताबा, व्याप्त की तैनाती फौज?

प्रश्न : हंगेरीवर एक लेख लिहायला घेतलाय. १९४५ ते १९९१ तिथे सोव्हिएत फौजा होत्या. या अवस्थेला मराठीत नाम कोणतं वापरावं? 'पाकव्याप्त', 'जर्मनव्याप्त' ही विशेषणं आपल्या सरावाची, पण नाम करायला गेलं की 'व्याप्ती' होतं आणि त्याचा अर्थ आवाका. 'सोव्हिएत ताबा' म्हटलं तर बिल्डरने फ्लॅटच्या किल्ल्या दिल्यासारखं वाटतं. 'परचक्र' झकास आहे, पण ते येण्याबद्दल बोलतं. येऊन ठाण मांडल्यावर काय म्हणायचं?

प्रतिसाद : एकच शब्द सगळ्या काळाला पुरणार नाही. खुद्द हंगेरियन लोकांनाही पुरला नाही.

सरकारी शब्द होता 'फेल्साबादुलाश', म्हणजे मुक्ती. ४ एप्रिलला त्याची राष्ट्रीय सुट्टी असे. हा शब्द निव्वळ खोटा म्हणून झटकू नका. जानेवारी १९४५ मध्ये बुडापेस्टच्या घेट्टोत कोंडलेल्या ज्यूंना सोव्हिएत लाल सेना आली म्हणूनच जीव वाचवता आला. पण त्याच हिवाळ्यात भाषेत आणखी एक शब्द शिरला : 'मालेन्की रोबोत'. मूळ रशियन 'मालेन्काया राबोता', थोडंसं काम. राडारोडा उचलायचाय, लगेच परत याल, असं सांगून माणसं गोळा करायची आणि मालगाड्यांत भरून सोव्हिएत छावण्यांत पाठवायची. युद्धकैदी आणि साधे नागरिक मिळून लाखो माणसं गेली, बरीच परतली नाहीत. ऐकणाऱ्यांना रशियन येत नव्हतं, म्हणून व्याकरण मोडलं, आणि तो मोडका शब्दच आज इतिहासाच्या पुस्तकांत आहे.

तिसरा शब्द मला सगळ्यात बेरकी वाटतो : 'इदेइग्लेनेशेन', तात्पुरतं. १९४७ च्या शांतता करारात सोव्हिएत फौजांना हंगेरीत राहायची सबब दिली होती ती ऑस्ट्रियातल्या आपल्या सैन्याकडे जाणारी वाट राखण्याची. १५ मे १९५५ ला ऑस्ट्रियातून परक्या फौजा काढण्याचा करार झाला आणि ती सबब संपणार हे ठरलं. त्याच्या आदल्याच दिवशी वॉर्सा करारावर, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीवर, सह्या झाल्या होत्या! सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा १९५६ चा उठाव रणगाड्यांनी चिरडल्यावर २७ मे १९५७ ला नवा करार झाला, फौजांच्या 'तात्पुरत्या' वास्तव्याचा. पुढे रेडिओवर, वर्तमानपत्रांत 'आपल्या मायभूमीत तात्पुरता तळ असलेल्या सोव्हिएत फौजा' असं पाठ केल्यासारखं म्हणत. शेवटचा जनरल सरहद्द ओलांडून गेला १९ जून १९९१ ला. चौतीस वर्षं तात्पुरती. लोकांनी त्यावर विनोद केले नसते तरच नवल.

प्रतिसाद : १९५७ नंतरच्यासाठी शब्द घरातच आहे की, 'तैनाती फौज'. वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला इंग्रजांची फौज आली आणि राहिली. १९५६ च्या उठावानंतर मॉस्कोने गादीवर बसवलेले यानोश कादार रणगाड्यांच्या मागून बुडापेस्टला आले, तेही वेगळं काय?

प्रतिसाद : साम्य छान आहे, पण बाजीरावाने खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला होता. हंगेरीत हिशेब जाताना निघाला. आम्ही बांधलेल्या बराकींचे, धावपट्ट्यांचे पैसे द्या, असं मॉस्को म्हणे. तळांच्या जमिनीत मुरलेल्या इंधनाचं काय, असं बुडापेस्ट विचारी. अखेर १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन बुडापेस्टला आले तेव्हा कुणी कुणाला काही द्यायचं नाही, यावर मिटलं. जमिनी साफ करायचं काम अर्थातच हंगेरीच्या गळ्यात.

शिवाय मराठी वाचकाला 'तैनाती फौज' वाचलं की शाळेतला वेलस्ली आठवणार. उपमा म्हणून एकदा वापरा, संज्ञा म्हणून नको.

प्रश्नकर्ता : आणि हंगेरियन लोक आज स्वतः काय म्हणतात?

प्रतिसाद (पहिलाच) : 'मेगसालाश'. यातला 'साल' म्हणजे उडणं, उतरणं. आपण 'हॉटेलात उतरलो' म्हणतो तसं तिकडेही याच धातूने म्हणतात. त्याच धातूचा 'मेगसालोत्त' म्हणजे झपाटलेला, आपल्यासारखाच निंदेलाही चालतो आणि कौतुकालाही. तेव्हा तुमच्या 'ताबा'ला इतकं हिणवू नका, भूतही ताबाच घेतं.

पण हा शब्द वापरणंही तिथे साधं नाही. २०११ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात म्हटलंय की देशाचा स्वनिर्णय १९ मार्च १९४४ ला गेला, म्हणजे जर्मन फौजा आल्या तेव्हा, आणि २ मे १९९० ला परत आला. जर्मन आणि सोव्हिएत काळ एकाच दोरीत ओवले. यावर टीका अशी, की मधल्या काळात हंगेरियन अधिकाऱ्यांनीच ज्यूंना गाड्यांत भरलं, ते 'आमच्यावर कब्जा होता' या सबबीत लपून जातं. मला ही टीका पटते. बुडापेस्टच्या साबादशाग चौकात सोव्हिएत सैनिकांचं स्मारक अजून उभं आहे आणि त्याच चौकात २०१४ मध्ये जर्मन कब्जाचं स्मारक उभारलं. तिथे आप्तांचे फोटो, चिठ्ठ्या ठेवून लोकांनी निषेधाचं आपलं वेगळं स्मारक केलंय.

लेखात मी असं करीन : १९४५ साठी 'लष्करी कब्जा', १९५७ नंतर 'फौजांचा तळ', आणि 'तात्पुरता' हा शब्द येईल तिथे अवतरणचिन्हांत. मुद्रितशोधकाला मात्र आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो ती चिन्हं काढून टाकेल.