वाड्याचा चौक 'इंट.' की 'एक्स्ट.'? सीन हेडिंग गुरूकडून शिकावं का?

ओसरीवरून

पहिली पटकथा घेऊन सरांकडे गेले. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मुख्य सहायक दिग्दर्शक म्हणून गेली, आता ते लिहितात. गोष्ट भोरकडच्या एका वाड्यात घडते. सरांनी संवाद वाचलेच नाहीत, फक्त सीन हेडिंग्ज वाचली, म्हणजे प्रत्येक सीनच्या वरची जागा आणि वेळ सांगणारी ओळ. तिच्या सुरुवातीला 'इंट.' (इंटीरियर, आतला सीन) किंवा 'एक्स्ट.' (एक्स्टीरियर, बाहेरचा सीन) लिहितात. "इंट. वाडा – दिवस" हे मी एकवीस वेळा लिहिलं होतं.

"वाड्यात कुठे? देवडीत, ओसरीवर, माजघरात, की माडीवर?" मग म्हणाले, "आणि चौक इंट. कसा? वर आभाळ आहे ना?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. चौक घराच्या आत असतो, पण ऊन थेट पडतं. कॅमेरामनला दिवसभर सरकणारा सूर्य सांभाळावा लागतो, पाऊस आला की शूटिंग थांबतं. सहा सीनना मी 'तिन्हीसांज' लिहिलं होतं. तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो, म्हणजे मी निर्मात्याकडे निदान चार-पाच संध्याकाळी मागत होते. हेडिंग म्हणजे अख्ख्या युनिटला दिलेला शब्द, हे मला पुस्तकातून कळलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की हे अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच शिकावं.

कोरा कागद

अजिबात पटलं नाही. पटकथेचा हा साचा अमेरिकी स्टुडिओंच्या सोयीचा. बारा पॉइंटचा कुरियर टाइप, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हेडिंग कॅपिटल अक्षरांत. देवनागरीत कॅपिटल नाहीत, पान-मिनिटाचं गणितही आपल्या टायपात तसंच्या तसं बसत नाही. आपल्याकडे कित्येक वर्षं डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद असे दोन रकाने पाडून लिहिलं गेलं, आणि त्यावरून उत्तम चित्रपट झाले.

शिवाय गुरू मिळणार कुणाला? मी लातूरला राहतो. मला दोन ज्येष्ठांनी पटकथा तपासून दिली. एकाने 'सकाळ', 'दुपार' खोडून फक्त दिवस-रात्र ठेवायला लावलं, दुसऱ्याने नेमकं उलट. दोघंही ठाम. त्यात माझे चार महिने गेले आणि गोष्ट होती तिथेच राहिली. हेडिंगमधली चूक बोट ठेवून दाखवता येते, सीन का पडतोय हे सांगणं अवघड. म्हणून गुरुमंडळी हेडिंग दुरुस्त करत बसतात, असं मला मनापासून वाटतं.

क्लॅपवाला

मी ब्रेकडाउन करतो, म्हणजे शूटिंगसाठी पटकथेतून जागा, माणसं, सामान यांच्या याद्या काढतो, म्हणून लिहितो. एका पटकथेत एकच जागा तीन नावांनी होती : 'शाळा', 'हायस्कूल' आणि 'सातवीचा वर्ग'. सॉफ्टवेअरने तीन लोकेशन्स धरली, आमच्याही नजरेतून सुटलं. एक सीन भलत्या दिवशी लागला, आणि त्या दिवशी मुलांना बोलावलेलंच नव्हतं. रकाने दोन असोत की एक, जागेचं नाव शेवटपर्यंत एकच ठेवा, एवढंच आमचं मागणं.

कोरा कागद

हे मान्य. पण हे तुम्ही पाच ओळींत शिकवलंत. त्याला गुरू कशाला?

ओसरीवरून

कारण पुढचं पाच ओळींत मावत नाही. सरांनी मला प्रत्येक हेडिंगची पट्टी कापायला लावली आणि जागेप्रमाणे ढीग करायला सांगितले. माजघराच्या ढिगात चौदा पट्ट्या आल्या. त्या चौदाही सीनमध्ये आई होती. चौकाच्या एकाही पट्टीत ती नव्हती. मी बाई असून, आईची गोष्ट लिहीत असून, तिला एकदाही उन्हात आणलं नव्हतं! सर काही बोलले नाहीत, पट्ट्या माझ्यासमोर ठेवून चहा करायला उठले. दुसऱ्या खर्ड्यात ती पापड वाळत घालायला चौकात येते, आणि भांडण तिथे होतं. तुम्ही म्हणता ना, सीन का पडतोय ते सांगणं अवघड? मला ते हेडिंगमधूनच दिसलं.

कोरा कागद

हे वाचून थांबलो. पट्ट्या आज रात्री माझ्या पटकथेच्याही कापतो. तरी माझं म्हणणं सोडत नाही. ही रीत तुम्ही इथे लिहिलीत म्हणून लातूरला पोचली. तुमच्या सरांनी ती लिहून ठेवली असती, तर आमच्यासारख्यांना कुणाच्या ओळखीची वाट बघावी लागली नसती. ज्येष्ठांकडून मला शिकवणीपेक्षा हे लिखाण हवंय.

क्लॅपवाला

मूळ प्रश्न राहिलाच. आमच्याकडे चौकाला 'एक्स्ट. वाडा, चौक – दिवस' लिहितात. पात्र ओसरीवरून बोलत चौकात उतरत असेल तर 'इंट./एक्स्ट.' चालतं. पावसाळ्यात शूटिंग असेल तर तसे सीन आम्ही आधीच वेगळे काढून ठेवतो.