ऑपरेशनआधीच्या धास्तीवर व्हीआर हेडसेट: कुणी वापरलाय का? (बडोदे)

दांडियाबाजारकर: आईचा गुडघा बदलायचाय, याच महिन्यात. वय ७१. पाठीत इंजेक्शन देऊन भूल देणार, म्हणजे ती जागीच असणार, आणि तिने नेमकी त्याचीच धास्ती घेतलीय. त्यात शेजारच्या काकू 'ठोकाठोकी ऐकू येते हो' असं सांगून गेल्या. (काय बोलावं!) भाच्याकडे मेटा क्वेस्ट (डोळ्यांवर चढवायचा व्हीआर, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट) धूळ खात पडलाय. त्यावरच्या ध्यान-श्वासाच्या कार्यक्रमांनी खरंच फरक पडतो का? अमेरिकेत एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यताही आहे म्हणे.

कमाटीबागेतला_वाघ: ती मान्यता ईजव्हीआरएक्स नावाच्या एका व्हीआर उपचाराला, २०२१ची, आणि जुनाट कंबरदुखीसाठी. घरी ८ आठवडे करायचा कार्यक्रम आहे तो. ऑपरेशनच्या भीतीशी त्याचा संबंध नाही.

ओटीवाली_ताई: ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फरक पडतो, पण सगळ्यांना सारखा नाही. व्हीआरचे दोन प्रकार. एक, लक्ष दुसरीकडे वळवायचं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांसाठी केलेला 'स्नोवर्ल्ड' तसा: ड्रेसिंग चालू असताना बर्फाचे गोळे मारत बसायचं. दुसरा तुम्ही म्हणताय तो, समोर शांत दृश्य आणि मन स्वतःच्या श्वासावर. हा दुसरा आयत्या वेळी जमत नाही. आजपासून घरी रोज थोडा वेळ, खुर्चीत बसवून सवय करा. दृश्य स्थिर हवं; उडण्या-धावण्याचं लावलंत तर मळमळेल. चष्म्यावर बसतो का, कानाचं मशीन असेल तर काय, तेही आत्ताच बघा.

चक्कर, अर्धशिशी किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका. ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डात नंबर येईपर्यंत वापरता येईल. पाठीत इंजेक्शन देताना नाही, तेव्हा पुढे वाकून स्थिर बसावं लागतं आणि सूचना नीट ऐकू याव्या लागतात. थिएटरमध्ये न्यायचा की नाही ते भूलतज्ज्ञ ठरवतील.

आणि काकू खोटं बोलत नाहीत, आवाज येतो. पण तो हेडफोनने बराच कमी होतो, शिवाय हलकी गुंगीही देता येते. ऑपरेशनआधीच्या फिटनेसच्या तपासणीला आईंना सोबत न्या आणि आवाजाचा, गुंगीचा प्रश्न डॉक्टरांना आईंनाच विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

मांजलपूरचे_आजोबा: माझ्या हर्नियाच्या वेळी मुलाने हौसेने तो डबा डोळ्यांवर चढवला. घुसमटायला झालं, काढून टाकला. रामरक्षा म्हणत पडलो, बरं वाटलं.

ओटीवाली_ताई: आजोबा, उत्तम केलंत. सावकाश म्हटली की श्वास आपोआप लांबतो. नको वाटला तर लगेच काढायचा, आईंनाही हे आधीच सांगून ठेवा.

दांडियाबाजारकर: ताई, फार मदत झाली. काल समुद्रकिनारा लावून दिला तर आई म्हणाली, 'आवाज छान आहे, डबा जड आहे.' मग नुसते हेडफोन चालतील का?

ओटीवाली_ताई: पळतील! तोच आवाज मोबाइलवर घ्या. पण वॉर्डात मोबाइल तुमच्याकडे राहू द्या, नाहीतर नातेवाइकांचे फोन सुरू होतील.