दूर भविष्यातल्या कथेत शास्त्रज्ञ गायब झाला, तर मला काय त्याचं?

चौकस

या कथांची सुरुवात आता तोंडपाठ झाली आहे. काही हजार वर्षांनंतरचा काळ, माणसं चार-पाच ताऱ्यांभोवती वसलेली, आणि त्या काळातला सगळ्यांत मोठा शास्त्रज्ञ बंद प्रयोगशाळेतून नाहीसा. दार आतून लावलेलं, कॅमेऱ्यांत काही नाही, पडद्यावर अर्धवट समीकरण. (या अर्धवट समीकरणावर कायद्याने बंदी आणायला हवी.) मग दोनशे पानं तपास चालतो आणि शेवटी कळतं की साहेबांनी दुसऱ्या मितीत जायचं यंत्र बनवलं होतं, त्यातून ते निघून गेले.

माझं म्हणणं सरळ आहे. रहस्यकथा आणि दूरचं भविष्य एका घरात नांदत नाहीत. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ साली गुप्तहेरकथांसाठी दहा नियम लिहिले. थोडे गमतीने लिहिले, पण त्यातला एक मला अगदी पटतो: आजवर कुणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही, आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं उपकरणही नको. वाचक गुप्तहेराच्या बरोबरीने डोकं चालवत असतो. ज्याची कल्पनाच करता येणं शक्य नव्हतं ते उत्तर म्हणून पुढ्यात आलं, तर त्याने एवढी पानं कशासाठी वाचली?

पन्नास वर्षांनंतरचं जग चालेल. पाच हजार वर्षांनंतर माणूस कुठे कुठे असू शकतो हेच मला ठाऊक नाही. मग तो एका खोलीत नाही याचं आश्चर्य मला का वाटावं?

उल्का

आक्षेप जुनाच आहे. विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी लेखक आयझॅक आसिमॉव्हला हेच ऐकवलं होतं, की विज्ञानकथेत रहस्य जमायचं नाही; गुप्तहेर खिशातून नवं यंत्र काढेल आणि खेळ खलास. आसिमॉव्हने 'द केव्ह्ज ऑफ स्टील' लिहून ते खोडून दाखवलं. पुस्तक १९५४चं. काळ दूरच्या भविष्यातला, पण दोन गोष्टी वाचकाला वेळेवर सांगितलेल्या: यंत्रमानव माणसाला इजा करू शकत नाही, आणि बंदिस्त शहरात वाढलेल्या माणसाला उघड्या आकाशाखाली जायची दहशत वाटते. या दोन भिंतींच्या आत खून. आजच्या कुठल्याही बंद खोलीइतकाच चोख.

दुसरं म्हणजे, भविष्यात सगळंच शक्य असेल हे तुम्ही गृहीत धरलंय. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा पाच हजार वर्षांनीही राहिली तर? मला तर ती आजवरची सर्वांत भक्कम बंद खोली वाटते. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला सव्वाचार वर्षं लागतात. शास्त्रज्ञ सूर्यमालेत नाहीसा झाला आणि संशयित त्याच्या आधी किंवा नंतर चार वर्षांच्या आत प्रॉक्झिमापाशी दिसला, तर तो सुटला. मोजणारे कितीही वेगाने जात असोत, दोन घटनांपैकी आधी कुठली यावर त्यांच्यात वाद होतील, पण एकच माणूस दोन्हीकडे असू शकत नव्हता यावर सगळ्यांचं एकमत होईल. गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो, याचा इतका पक्का पुरावा आजच्या कुठल्या कोर्टात मिळतो?

चौकस

पुरावा पक्का आहे, पण तो समजावायला तुम्हाला एक मोठा परिच्छेद लागला. नॉक्सचा नियम तिथेच मोडला. शिवाय मी वाचलेल्या बहुतेक कथांत प्रकाशापेक्षा वेगवान यानं बिनदिक्कत फिरत असतात. ती आली की तुमच्या खोलीची भिंत पडली.

जमाखर्च

प्रकाशाचा वेग आणि आइन्स्टाइनची सापेक्षता राहू द्या बाजूला. मी याहून साधी बंद खोली देतो. लांबच्या प्रवासाला निघालेलं यान, आत सहा माणसं, हवा-पाणी सगळं फिरवून फिरवून वापरायचं. माणूस दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन घेतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ही नासाच्या जीवनाधार यंत्रणांच्या हिशेबातली नेहमीची संख्या आहे. म्हणजे यानात रोज सहा किलो कार्बन डायऑक्साइड गोळा व्हायला हवा, आणि त्याची नोंद यंत्र आपोआप ठेवणार, कारण त्यावर सगळ्यांचे जीव आहेत.

आता शास्त्रज्ञ गायब झाल्याची बोंब मंगळवारी उठली. नोंद पाहिली तर आकडा शनिवारीच सहावरून पाचावर आलेला. याचा अर्थ तीन दिवस कुणीतरी तो असल्याचं नाटक केलं. किंवा उलट: मंगळवारनंतरही आकडा सहाच. माणूस आतच आहे, श्वास घेतोय आणि लपलाय. किंवा लपवलाय.

हुशार गुन्हेगार काय करेल? काहीतरी जाळून रोज एक किलो भरून काढेल. पण गेलेल्या ऑक्सिजनच्या दर रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे किती रेणू आले, हे गुणोत्तर माणसाच्या बाबतीत ०.८५च्या आसपास असतं. साखर जाळली तर ते बरोबर १ येतं. तेल जाळलं तर ०.७च्या जवळ. दोन्ही योग्य प्रमाणात जाळली तर माणूस हुबेहूब उभा राहतो, निदान कागदावर. आणि हे ज्याला सुचेल असा माणूस पाच जणांत एखादाच असणार. संशयितांची यादी आपोआप आटली.

यात अज्ञात विष कुठे आहे? शाळेत शिकलेलं श्वसन आहे. पाच हजार वर्षांनी माणूस माणूसच राहिला असेल, तर तो श्वास घेईल आणि वजन, कार्बन, उष्णता यांचा ताळेबंद त्याच्या मागे लागेल. सत्तर किलोच्या माणसात बारा-तेरा किलो कार्बन असतो. बंद यानात तो कुठेतरी जमा धरावाच लागतो. जमेला नसेल तर दाराबाहेर गेला.

शून्यप्रहर

जमाखर्च, गणित सुरेख आहे, पण ही कथा मी वाचणार नाही. ही परीक्षेतली प्रश्नपत्रिका झाली.

शास्त्रज्ञ नाहीसा होतो तेव्हा 'कसा' हा प्रश्न दुय्यम असतो. एत्तोरे मायोराना आठवा. १९३८चा मार्च, वय ३१, इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या वर्तुळातला आणि फर्मींना स्वतःहूनही हुशार वाटणारा भौतिकशास्त्रज्ञ. आदल्याच वर्षी त्याने स्वतःच स्वतःचा प्रतिकण, म्हणजे विरुद्ध गुणांचा जोडीदार, असलेल्या कणाचा सिद्धान्त मांडला होता. बँकेतले पैसे काढले, नेपल्सहून पालेर्मोला बोटीने गेला. निघताना संस्थेच्या संचालकांना लिहिलेल्या पत्राचा सूर आत्महत्येचा होता. पालेर्मोहून दुसरं पत्र धाडलं, की समुद्राने मला नाकारलं, मी परत येतोय. मग परतीची बोट, आणि पुढे काही नाही. २०१५ साली रोमच्या सरकारी वकिलांनी निष्कर्ष काढला की तो १९५५ ते १९५९ या काळात व्हेनेझुएलात राहत होता. समजा ते खरं. त्याने रहस्य संपलं का? तो का गेला हे कुणी सांगितलं? अणुयुग येताना दिसलं म्हणून, की नुसता थकला म्हणून?

दूरच्या भविष्यात तर हा 'का' आणखी धारदार होतो. ज्या समाजात सगळं ज्ञान सगळ्यांपाशी आहे, तिथून एखाद्या जाणत्याला उठून जावंसं का वाटेल?

चौकस

मायोराना माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. तो चटका लावतो कारण बोट, पत्र, बँक, वय हे सगळं आपलं आहे. पत्रात माणूस काय लिहितो आणि काय लिहीत नाही हे आपण जाणतो. पाच हजार वर्षांनंतरचा शास्त्रज्ञ बँकेतून पैसे काढणार नाही. तो जे काय करेल त्याचा अर्थ लेखकाला मला आधी शिकवावा लागेल. मग 'हे विचित्र आहे बरं का' असंही त्यालाच सांगावं लागेल. जिथे विचित्र काय हे लेखक सांगतो, तिथे वाचकाला काम उरत नाही.

उल्का

पण तंत्रज्ञान वाढलं की नाहीसं होणं अवघड होतं आणि म्हणून अधिक लागतं, हा मुद्दा तुम्ही टाळताय. जिम ग्रे घ्या. संगणकशास्त्रज्ञ, १९९८चा ट्युरिंग पुरस्कार, डेटाबेसमधला दादा माणूस. उपग्रहाने टिपलेली पृथ्वीची छायाचित्रं लोकांना जालावर उघडून देणाऱ्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक त्याचा. २८ जानेवारी २००७ला तो सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच शिडाची बोट घेऊन निघाला आणि परतला नाही. तटरक्षक दलाने शोधलं. मग त्याच्या मित्रांनी उपग्रहांची ताजी छायाचित्रं मिळवली आणि हजारो स्वयंसेवकांनी ती तुकड्या-तुकड्यांनी तपासली. बोटीची फळीसुद्धा सापडली नाही. ज्याने पृथ्वी नजरेखाली आणायला मदत केली तोच नजरेआड. २००७ला हे होत असेल, तर पुढच्या काळातही समुद्र असतीलच. फक्त ते पाण्याचे नसतील.

जमाखर्च

शून्यप्रहर, 'का' हवा असेल तर तोही ताळेबंदातून निघतो. भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ लांडाउअरने १९६१ साली दाखवलं की माहितीचा एक बिट पुसायचा तर ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. खोलीच्या तापमानाला ती अगदी क्षुल्लक असते, जवळपास ३ × १०⁻²¹ ज्यूल. पण दूरच्या भविष्यातली यंत्रं त्या मर्यादेला टेकलेली असतील. त्यांच्याकडे आज वाया जातं तसं वाया घालवायला फारसं काही उरलेलं नसेल. मग कुणी आपल्या सगळ्या कामाच्या नोंदी पुसल्या तर प्रयोगशाळेचा तो कोपरा तेवढ्यापुरता गरम होईल. मी तपास करत असेन तर माझा पहिला प्रश्न हाच: त्याने जायच्या आधी काय पुसलं, आणि किती? किती पुसलं हे कळलं की का गेला त्याच्या बरंच जवळ आलो.

शून्यप्रहर

हे मात्र वाचीन. खुलासा परिशिष्टात टाकणार नसाल तर.

घड्याळजी

मधेच शिरतो. अनेक देशांच्या कायद्यात सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर तो मेला असं धरतात. सात वर्षं कुणाच्या घड्याळाची? प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने निघालेल्या यानात काळ सुमारे सात पटींनी मंद चालतो. घरच्यांनी सात वर्षं वाट पाहिली, वाटण्या केल्या, त्याचं पद दुसऱ्याला दिलं, आणि हा गृहस्थ स्वतःच्या हिशेबाने जेमतेम वर्षभर फिरून दारात उभा. कुठलंही अज्ञात यंत्र नको, एका वेगवान यानावर काम भागतं. तो गायब झालाच नव्हता असं त्याच्या वकिलाने म्हटलं तर काय उत्तर द्याल?

चौकस

ही कथा मी आनंदाने वाचीन, पण ती वारसाहक्काचा दावा म्हणून. तो कुठे होता हे पहिल्यापासून माहीत असेल तर रहस्य कसलं?

उल्का

घरच्यांना माहीत नसलं की झालं.

एक वाचक

प्रती काढण्याचा मुद्दा कुणीच कसा आणला नाही? पुंजस्थिती म्हणजे अणूंच्या पातळीवरची कणांची अवस्था; तिचं दूरप्रेषण झालं, म्हणजे ती दूर दुसरीकडे जशीच्या तशी उभी केली, की मूळ स्थिती मोडते, आणि अज्ञात पुंजस्थितीची हुबेहूब प्रत काढताच येत नाही हे १९८२पासून सिद्ध आहे. तेव्हा पलीकडे शास्त्रज्ञ धडधाकट उभा असताना इकडे त्याच्या खुनाचा तपास चालू, असं कथानक होऊ शकतं.

चौकस

होऊ शकतं. झालेलंही असेल. आणि शेवटच्या प्रकरणात तत्त्वज्ञानाचं व्याख्यान असेल.

थोडक्यात माझी अट एवढीच, की जे उत्तर येणार आहे त्याला लागणारा प्रत्येक नियम प्रेत सापडायच्या, म्हणजे न सापडायच्या, आधी माझ्या हाती पडलेला असला पाहिजे. जमाखर्चांचं यान ही अट पाळतं, कारण त्यात भविष्य नावापुरतंच आहे. ते यान उद्या उडालं तरी कथेत काडीचा फरक पडत नाही. म्हणून तर ते चालतं.

जमाखर्च

फरक पडतो. उद्याच्या यानातून माणूस नाहीसा झाला तर पृथ्वीवरून चौकशी समिती येईल. माझं यान निघून दीडशे वर्षं झालीत. आतले सहाही जण आतच जन्मलेले, त्यातला एक खुनी, आणि बाहेरून कुणी येणार नाही. न्यायाधीशही उरलेल्या पाचांतूनच नेमायचा आहे. खुन्याला शिक्षा म्हणून कोंडलं तर हवेचं यंत्र कोण चालवणार, हाही प्रश्न आहेच, कारण गुणोत्तराची ती चलाखी जमण्याइतकं ते यंत्र फक्त त्यालाच कळतं. हे पन्नास वर्षांनंतरच्या जगात बसवून दाखवा.