मदत हवी आहे : पोहायला लागल्यापासून भूक आवरत नाही आणि काटा जागचा हलत नाही

कडीपत्ता

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या.

वय ४३, उंची पाच फूट दोन, वजन ७१. नोकरी बसून, तीही बँकेत, म्हणजे मार्चमध्ये तर पाणी प्यायलाही उठणं नाही. उन्हाळ्यात लेकीला पोहायला घातलं तेव्हा माझंही नाव घालून टाकलं, महापालिकेच्या तलावावर सकाळची पहिली लेडीज बॅच, आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास. शाळा सुरू झाल्यावर लेकीने सोडलं, मी मात्र चालू ठेवलंय कारण मला ते मनापासून आवडतं, पाठदुखी गेलीय, झोप मस्त लागते.

प्रॉब्लेम असा की वजन उतरायचं सोडून सातशे आठशे ग्रॅम वरच गेलंय. आणि भूक! तलावातून बाहेर आलं की पोटात जो आगडोंब उसळतो तो काही विचारू नका. आधी सकाळी एक पोळी भाजी खाऊन निघायचे, आता पोह्यांच्या दोन डिश होतात, वर चहा, चहाबरोबर चार बिस्किटं, आणि तरी साडेअकराला डबा उघडून त्यातली एक पोळी गुपचूप संपवते. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत फरसाणाचा डबा. गंमत म्हणजे ज्या दिवशी पोहायला जात नाही, नुसती चालून येते, त्या दिवशी एवढी भूक नसते.

नवरा म्हणतो पोहणं बंद कर आणि डाएट कर. मैत्रीण म्हणते भूक वाढली म्हणजे मेटाबॉलिझम फास्ट झालं, चांगलं लक्षण आहे. सासूबाई म्हणतात कष्ट केले की भूक लागणारच, जेव पोटभर. तिघांचं ऐकून डोकं भंजाळलंय.

थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन सगळं केलंय, नॉर्मल आहे. व्यायामाने खरंच भूक वाढते का? सगळ्याच व्यायामाने की पोहण्यानेच? पोहणं न सोडता काय करता येईल? जाणकारांनी प्लीज सांगा.

भटकभवानी

अगं कडीपत्ता, तुझा धागा वाचून सिंहगड आठवला. आमचा ग्रुप दर रविवारी पहाटे आतकरवाडीतून चढतो, आणि वर पोचलं की काय, कांदाभजी, पिठलं भाकरी, ठेचा, वर मटक्यातलं दही. आमच्यातल्या एका इंजिनीअरबुवांनी एकदा तिथेच बसून हिशोब मांडला होता. चढ साधारण सहाशे मीटरचा, माणूस सत्तर किलोचा, स्नायूंची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर चढायला जेमतेम चारशे कॅलरी लागतात. उतरताना त्याहून बऱ्याच कमी. आणि समोरच्या थाळीत दोन भाकऱ्या, तेलात पोहणारं पिठलं आणि भज्यांची प्लेट. हिशोब ऐकून सगळे दोन मिनिटं गप्प बसले आणि मग अजून एक प्लेट भजी मागवली 😄

व्यायामाने किती जळतं याचा आपला अंदाज भलताच उदार असतो बघ. घड्याळं तर त्याहून उदार. २०१७ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली होती, हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले पण कॅलरीत सगळ्यात चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. त्यामुळे घड्याळाने ५०० दाखवले म्हणून ५०० खाऊ नयेत.

ढवळ्यापवळ्या

कडीपत्ता ताई, तुम्ही जे चालण्याच्या आणि पोहण्याच्या दिवसातल्या फरकाचं लिहिलंय ना, तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती तुमच्या मनाचा खेळ नाही.

जोरात पळलं, सायकल हाणली तर लगेच नंतर भूक उलट मरते. भुकेचं एक हार्मोन आहे घ्रेलिन, जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं, ते जोराच्या व्यायामानंतर थोडा वेळ खाली जातं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी पीवायवाय, जीएलपी-१ वगैरे हार्मोनं वर जातात. हा परिणाम तास दोन तासच टिकतो, पण असतो. म्हणून पळून आलेल्याला समोर जिलबी ठेवली तरी नको होते.

पाण्यात मामला वेगळा, आणि त्यातही गार पाण्यात. फ्लोरिडात २००५ मध्ये एक प्रयोग झाला, लोकांना पाण्यात बुडवलेल्या सायकलवर ४५ मिनिटं पेडल मारायला लावलं, एकदा ३३ अंशाच्या पाण्यात, एकदा २० अंशाच्या, आणि एकदा नुसतं बसवून ठेवलं. नंतर समोर खाणं ठेवलं, हवं तितकं खा म्हणून. नुसतं बसलेले असताना सरासरी ६१८ कॅलरी खाल्ल्या, कोमट पाण्यातल्या व्यायामानंतर ६०८, म्हणजे फरक नाहीच, आणि गार पाण्यानंतर ८७७! व्यायाम जवळपास तोच, जळलेल्या कॅलरी जवळपास त्याच, पण खाणं ४४ टक्के जास्त. छोटासा प्रयोग आहे, ब्रह्मवाक्य नाही, पण तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतो.

तुमच्या तलावाचं पाणी गार असतं का? उघड्यावरचा आहे? आणि बाहेर आल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ होते की तसंच घरी?

चिवडाचिकित्सक

सरळ गोष्ट आहे, कमी खा आणि जास्त हला. बाकी सगळी हार्मोनं वगैरे फॅड आहे. आमचे आजोबा शेतात राबायचे, चार भाकरी खायचे, कुठे होतं वजन?

ढवळ्यापवळ्या

@चिवडाचिकित्सक, आजोबांचंच उदाहरण घ्या की. ते राबत होते म्हणून चार भाकरी खात होते, आणि चार खाऊनही वजन स्थिर होतं, म्हणजे भुकेने कष्टाचा हिशोब बरोबर चुकता केला. राबल्यामुळे ते बारीक झाले नाहीत, होते तिथे राहिले. ताईंची तक्रार तीच तर आहे!

यावर आपल्याच देशातलं एक जुनं काम आहे. ज्याँ मेयर या आहारशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी कलकत्त्याजवळच्या एका ज्यूट मिलमधल्या २१३ कामगारांचा आहार, वजन आणि कामाचं स्वरूप तपासलं, १९५६ मध्ये छापून आलं. हलक्या कामापासून गाठी उचलणाऱ्यापर्यंत जसं काम जड तसा आहार वाढत गेला आणि वजन मात्र सारखंच राहिलं. पण दिवसभर बसून असणारे, दुकान मांडून बसलेले किंवा सुपरवायझर, हे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि जाडही होते. म्हणजे हालचाल अगदीच नसेल तर भुकेचा काटाच बिघडतो असं दिसतं. एकदाच घेतलेली पाहणी आहे, कोणाला बैठ्या कामावरून उठवून गाठी उचलायला लावून पाहिलेलं नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचायचं.

म्हणून नवरोबांचा "पोहणं बंद कर" हा सल्ला मला पटत नाही. बँकेत आठ तास बसायचं आणि सकाळचं पोहणंही गेलं तर भूक गप्प बसेलच याची काय खात्री?

कडीपत्ता

बापरे किती माहिती, सगळ्यांचे आभार 🙏

हो, तलाव उघड्यावरचा आहे आणि पाणी गारढोण. सुरुवातीला उन्हाळा होता तेव्हा छान वाटायचं पण पावसाळ्यापासून बाहेर आलं की दात वाजतात. तिथला शॉवर गारच. ओल्या केसांवर टॉवेल गुंडाळून स्कूटीवर घरी, घरी आलं की आधी गॅसपाशी, कारण सगळ्यांचे डबे. पोहे परतता परतताच कढईतून खाणं सुरू होतं. आंघोळीला वेळ मिळेस्तोवर आठ वाजतात.

आणि पाऊण तास म्हणजे पाऊण तास सलग नाही हो, दोन फेऱ्या मारल्या की कठड्याला धरून गप्पा असतात, खोटं कशाला बोलू.

भटकभवानी

लेडीज बॅचच्या गप्पा बंद करा असं सांगणारा पापी कोण असेल! पण मग जळत असतील दोनशे अडीचशे कॅलरी. शेंगदाणे, शेव घातलेली पोह्यांची जास्तीची एक डिश आणि चहा बिस्किट, झालं, फिटंफिट.

जुनाजाणता

निवृत्त डॉक्टर आहे, म्हणून दोन शब्द. या ताईंची साखर नॉर्मल आहे म्हणून त्यांना लागू नाही, पण धागा इतरही वाचतील. मधुमेहासाठी ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड यासारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि व्यायामानंतर अचानक वखवखल्यासारखी भूक लागून हात थरथरत असतील, घाम येत असेल, छातीत धडधडत असेल, तर ती नुसती भूक समजू नका. ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आणि डॉक्टरांना सांगा, व्यायाम सुरू केल्यावर डोस बदलावा लागतो. स्वतःहून गोळी बंद करू नका. आमच्याकडे असे पेशंट "व्यायाम मला सोसत नाही" म्हणून येत, आणि सोसत नव्हता तो गोळीचा जुना डोस.

आता ताईंसाठी. वाढलेले सातशे ग्रॅम चरबीच असेल असं नाही. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, जास्त साठवतात, आणि एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतात. पाळीच्या आधी किलो दीड किलो इकडेतिकडे होतंच. रोज काटा बघू नका, महिन्याच्या त्याच आठवड्यातलं वजन त्याच आठवड्याशी ताडून बघा. आणि टेपने कंबर मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेअठ्ठावीसच्या वर येतो, म्हणजे भारतीय निकषाने लठ्ठपणाच्या २५ या मर्यादेच्या बराच पुढे, त्यामुळे वजन उतरवायला हवंच, पण घाई नको.

सुंठवडा

मी आहारतज्ज्ञ आहे, क्लिनिकची जाहिरात करत नाही, निवांत राहा 🙂

सगळ्यांना एकच नियम लागू होत नाही हे आधी सांगते. २००८ मध्ये छापलेला एक अभ्यास मला फार आवडतो. ३५ जाड माणसांकडून बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक वेळी ५०० कॅलरी जळतील एवढा व्यायाम समोर उभं राहून करून घेतला. सरासरी ३.७ किलो उतरले. पण सरासरीवर जाऊ नका, एकाचे १४.७ किलो उतरले आणि एकाचे १.७ किलो वाढले! ज्यांचं कमी उतरलं त्यांची भूक आणि खाणं वाढलं होतं. मैत्रिणीला सांगा, भूक वाढणं म्हणजे मेटाबॉलिझम फास्ट होणं नव्हे, शरीर खर्च भरून काढू बघतंय एवढंच.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, थर्मासमध्ये गरम काहीतरी घेऊन जा, सुंठ घालून बिनसाखरेचा काढा, मुगाचं कढण, काहीही, आणि कपडे बदलले की तिथेच कठड्यावर बसून प्या. अंगात ऊब आल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. कोरडे कपडे, कानटोपी, हसू देत लोक.

दुसरं, पोहे हे कितीही आवडते असले तरी त्यात प्रोटीन फार नाही, दोन तासांत पुन्हा भूक. त्याच वेळात मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, किंवा मुगाचं धिरडं आणि दही. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेने दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, म्हणजे तुम्हाला साठच्या आसपास, आणि पोळी भाजी वरणभात खाणाऱ्या बहुतेक बायका माझ्याकडे येतात तेव्हा तिथवर पोचलेल्या नसतात. पोहे खायचेच तर एक डिश, त्यात मटार आणि मोडाची मटकी सढळ हाताने, शेव नाही.

तिसरं, साडेअकराची पोळी गुपचूप कशाला? उघड खा, पण डब्यातली नको. मूठभर फुटाणे आणि एक पेरू ड्रॉवरमध्ये ठेवा. संध्याकाळचं फरसाण मात्र माझ्या मते खरा चोर आहे. ती भूक पोहण्याची कमी आणि एक वाजताच्या जेवणानंतर आठ वाजेपर्यंत पोटात काही नाही त्याची जास्त. साडेपाचला बँकेतून निघताना काहीतरी खाऊनच निघा.

चिवडाचिकित्सक

म्हणजे शेवटी कमी खा हेच ना!

सुंठवडा

नाही हो दादा, मी तर दोन वेळा जास्त खायला सांगितलंय 😀

भटकभवानी

+१ सुंठवडा. कडीपत्ता, आणि जमलं तर आठवड्यातले दोन दिवस पोहण्याऐवजी वजनं उचल. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवणाऱ्यांची एक नोंदवही चालू आहे, निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेलेच त्यात घेतात, त्यातले बहुतेक जण रोज तासभर व्यायाम करतात. वजन उतरतं ते जास्त करून ताटातून, पण परत चढू नये म्हणून व्यायाम लागतो असं मला तरी वाटतं. तेव्हा तलाव सोडू नकोस.

अवांतर: सिंहगडाला येणार का रविवारी? भजी माझ्याकडून.

कडीपत्ता

भजीवाली ऑफर बघून नवऱ्याला धागा दाखवायचं रद्द केलंय 😂

थर्मास आजच काढला माळ्यावरून. मटकी भिजत घातली. सुंठवडा ताई, एक शंका, साडेपाचला बँकेत खायचं तर उसळ वगैरे शक्य नाही, काउंटर बंद झालं तरी टॅली चालू असते, एका हाताने खाता येईल असं काय? आणि ताक चालेल का, कॅन्टीनमध्ये मसाला ताक मिळतं.

सुंठवडा

ताक उत्तम, फक्त साखर घातलेलं नाही ना ते विचारून घ्या आणि मीठ बेताचं. त्याबरोबर भाजलेले शेंगदाणे अर्धी मूठ, किंवा आदल्या दिवशीचं धिरडं गुंडाळी करून फॉइलमध्ये. महिन्याने कंबरेचं माप इथेच टाका.