मदत हवी आहे: जहाजावरच्या मुलाची वेळ घरबसल्या कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. मुलगी कुवेतला, धाकटे दीर न्यू जर्सीला आणि मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर. फोनमधल्या घड्याळात कुवेत आणि न्यू यॉर्क लावून ठेवलंय, पण चालतं जहाज त्यात कुठे सापडणार?

मागच्या खेपेला त्याचं जहाज कोरियातल्या बुसानहून अमेरिकेतल्या लाँग बीचला निघालं. तेव्हा तो आपल्या साडेतीन तास पुढे होता. मग साडेचार, साडेपाच, साडेसहा. "आई, आज रात्री घड्याळ एक तास पुढे घेतलं" असा त्याचा मेसेज आला की मी वहीत लिहायचे. एका बुधवारी सकाळी उठून बघते तर मेसेज: "आमच्याकडे आज पुन्हा मंगळवार." माझा मंगळवारचा उपास सुटूनसुद्धा गेला होता. साडेसहा तास पुढे असलेला मुलगा एका रात्रीत साडेसतरा तास मागे गेला आणि माझी वही तिथेच थांबली.

पुढे मी लाँग बीचचीच वेळ धरून चालले. तिकडे सकाळचे सात झाले असतील म्हणून आपल्या संध्याकाळी साडेसातला फोन केला. जहाजावर पहाटेचे तीन! रात्री आठ ते बाराचा वॉच, म्हणजे पाळीची ड्युटी, करून झोपला होता पोर. "घरी काय झालं?" हेच पहिलं विचारलं त्याने. तो घाबरलेला आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

दिरांच्या बाबतीतही असंच. जानेवारीत वहीत "साडेदहा तास मागे" लिहिलं होतं. एप्रिलमध्ये त्याच आकड्यावर पहाटे उठून साडेसहाला फोन केला, तिकडे रात्रीचे आठ धरून. पण तिथे नऊ वाजून गेले होते आणि पुतणीला निजवलं होतं.

गणपतीत मुलगा पुन्हा त्याच वाटेवर असणार आहे. पाच दिवसांत एका तरी आरतीला तिघंही एकदम दिसावीत एवढी माझी इच्छा आहे. हा हिशोब मला स्वतःला करता यायला हवा, दर वेळी कुणाला विचारत बसायचं नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, मी पंचवीस वर्षं जहाजावर काढली, आता मालवणला असतो. आमच्या घरीही आई अशीच वही ठेवायची, म्हणून सविस्तर लिहितो.

गावाचा गावाशी हिशोब करणं सोडा. प्रत्येक वेळ आधी यूटीसीत, म्हणजे साऱ्या जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत आणा, जुनी माणसं ज्याला ग्रीनिचचा टाइम म्हणत तो व्यवहारात हाच. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की यूटीसी मिळते. तिथून कुवेतला ३ तास मिळवा. न्यू जर्सीला उन्हाळ्यात ४ वजा, हिवाळ्यात ५ वजा. जहाजाचा आकडा मात्र मुलालाच विचारा, "आज यूटीसीपेक्षा किती?" ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, एक घड्याळ यूटीसीवरच असतं, त्याला क्षणात सांगता येईल. जहाज कुठे चाललंय हे धरू नका, आज कुठे आहे ते धरा. तुमची चूक तिथेच झाली.

आता हे असं का होतं ते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणून साडेपाच तास. आपला किनारा ७३ अंशांच्या जरा पुढे. त्यामुळे आपलं घड्याळ आपल्याच सूर्याच्या ३७ मिनिटांच्या आसपास पुढे असतं, आणि पडवीतल्या खांबाची सावली सर्वांत आखूड होते ती साडेबाराच्या पुढेमागे. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने १९५५पर्यंत आपला वेगळा "मुंबई टाइम" चालवला, यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. जहाजही तेच करतं, जिथे असेल तिथल्या सूर्याशी जुळवून घेतं. साधारण १५ अंश पूर्वेला सरकलं की एक तास पुढे.

घड्याळ पुढे घेतलं त्या दिवशी मुलाचा दिवस २३ तासांचाच होतो. असे तुटलेले तास कुठेतरी भरून निघायला हवेत. ते पॅसिफिकमध्ये १८० अंशांच्या सुमारास दिनांकरेषेवर भरून निघतात, तोच वार पुन्हा मोजून. तुमच्या वहीतला दुसरा मंगळवार तो हा. पश्चिमेला येताना उलट, एक तारीख गळते. समोआ देशाने २०११ साली रेषेची बाजू बदलली तेव्हा तिथे ३० डिसेंबर उगवलाच नाही.

प्रतिसाद २

मी न्यू जर्सीतच असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आमची घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. म्हणजे वहीत दोन आकडे लिहा: उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. गणपती नेहमी साडेनऊतच येतात. कुवेतला ही भानगड नाही, बाराही महिने अडीच तास मागे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल मुलाला विचारलं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी जहाज कुठे असेल त्याचा अंदाज घेऊन त्याने लिहिलं, "झेडडी प्लस नाईन." म्हणजे यूटीसीत ९ मिळवायचे ना?

प्रतिसाद ३ (मालवणहून)

थांबा ताई, बरं झालं विचारलंत! दर्यावर्दी लोकांची ही खूण उलटी असते. जहाजाच्या वेळेत किती मिळवले म्हणजे यूटीसी येते, तो आकडा झेडडी. "प्लस नाईन" म्हणजे जहाज ९ तास मागे. आणि तो अंदाज आहे. हवा बिघडली, जहाज रेंगाळलं तर एखादा तास इकडेतिकडे होईल. आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्या.

धागाकर्ती

अधिक धरून बसले असते तर पुन्हा मध्यरात्रीच उठवला असता त्याला.

आज दुपारी कागद घेऊन बसले. आमची रात्रीची आरती साडेसातला. साडेपाच वजा, यूटीसी दुपारचे दोन. कुवेतला संध्याकाळचे पाच, न्यू जर्सीला सकाळचे दहा, दोन्ही चालेल. पण जहाजावर पहाटेचे पाच, आणि वॉच संपवून तो झोपणार साडेबारा-एकला. मग साडेनऊ घेऊन पाहिलं. यूटीसी चार. कुवेतला संध्याकाळचे सात. न्यू जर्सीला दुपारचे बारा, दिरांची जेवणाची सुट्टी. जहाजावर सकाळचे सात, आणि त्याचा वॉच आठला. वारसुद्धा चौघांकडे एकच येतो, तेही तपासलं.

आमच्या वाडीत भजनवाले घरोघर आरत्या करत फिरतात, आमचं घर दरवर्षी पहिलं असतं. संध्याकाळी जाऊन बुवांना विचारून आले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे शेवटी येणार आहेत, साडेनऊला.