मदत हवी आहे: मोक्सा रोबोटचं तापमान गंडतंय

शांघायकर
रोबोटच्या आर्मला मोक्साची कांडी (चिनी उपचारात शेकायला वापरतात ती वाळक्या पाल्याची, धुमसणारी) लावून शेक द्यायचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. कॅमेरा गुडघ्याखालचा झूसानली हा ॲक्युपंक्चरचा बिंदू बरोबर शोधतो, आर्म तिथे जातो, पण सेन्सर ५८ अंश दाखवतो आणि हात लावला तर कोमट! मग कंट्रोलर घाबरून कांडी लांब नेतो. पीआयडी (कंट्रोलरचं तापमान सांभाळायचं गणित) ट्यून करून वैतागलोय. शुक्रवारी सरांना दाखवायचंय. लवकर सांगा.

खटपट्या
सेन्सर कुठला? बसवलाय कुठे? माणसावर चालवताय की कशावर?

काढेवाला
आपल्याकडे पंचधातूची शलाका (सळई) तापवून डाग देतात, ते अग्निकर्म. अग्निकर्म सुश्रुतसंहितेत आहे. त्याला ना कॅमेरा लागतो ना पीआयडी. चिन्यांच्या मोक्साला युनेस्कोने २०१० मध्ये वारसा यादीत घेतलं, आपलं मात्र कोण विचारतो?

अर्धवट_इंजिनियर
पीआयडीतली इंटिग्रल टर्म (साचलेल्या चुकीची बेरीज) शून्य करा. माझ्या इन्क्युबेटरला हाच त्रास होता.

शांघायकर
माणूस नाही हो, सिलिकॉनच्या पॅडवर. सेन्सर इन्फ्रारेड, कांडीच्या होल्डरलाच चिकटवलाय. इंटिग्रल केव्हाच शून्य केलाय.

खटपट्या
'इन्फ्रारेड' म्हणजे कुठला? नंबर सांगा राव, आम्ही काय कुंडली मांडू?

शांघायकर
जीवाय-९०६. टाओबाओ या चिनी शॉपिंग साइटवर स्वस्तात मिळतो तो.

खटपट्या
मग पीआयडीला कशाला छळताय? त्यातल्या एमएलएक्स९०६१४ चिपच्या साध्या आवृत्तीचा बघण्याचा कोन ९० अंश असतो. ३ सेंमीवरून तो ६ सेंमी व्यासाचा गोल बघतो, आणि बाजूलाच कांडीचं टोक काही शे अंशांवर धुमसतंय. तेही त्या सरासरीत येतं. वर सेन्सरचा डबाही शेकला जातो, त्यानेही रीडिंग ढळतं. याच चिपची ५ अंशवाली आवृत्ती घ्या, १० सेंमीवरूनही जेमतेम १ सेंमीचा ठिपका बघते. होल्डरपासून लांब, तिरकी लावा. आणि पॅडवर के-टाइप थर्मोकपल (टेकवून तापमान मोजणारी तार) चिकटवून ताडून बघा.

मीनल_ठाणे
आईचे गुडघे दुखतात. हा रोबोट भारतात मिळेल का? डायबेटिस आहे.

काढेवाला
मोक्सा म्हणजे आपला दवणाच की. जोतिबाला वाहतात तो! याच झाडावर चिनी बाईंना नोबेल मिळालं.

सरळसोट
काहीही. तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं ते आर्टेमिसिया ॲनुआतल्या मलेरियाच्या औषधासाठी. मोक्साची आर्टेमिसिया आर्गी, दवणा पॅलेन्स. कुळ एक, झाडं तीन. आणि वारसा यादीत नाव आलं म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नव्हे.
मीनलताई, डायबेटिसमध्ये पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलं तरी कळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच शेक नको.

काढेवाला
कुळ एक हे तुम्हीच म्हणालात. विषय संपला.

निवांत_नाना
शांघायला शाकाहारी जेवणाचं काय करता? मुलगा जाणार आहे पुढच्या महिन्यात.

सरळसोट
नाना, वेगळा धागा काढा.

खटपट्या
अजून एक. कांडी जळून आखूड होते. आर्मला वाटतं अंतर ३ सेंमी, प्रत्यक्षात निखारा मागे सरकलेला, त्यावर राखेचं टोपण. जळण्याचा वेग मोजून आर्म तेवढा पुढे सरकवा. तिथले वैद्य कांडी खाली-वर करत 'चिमणीचं टिपणं' करतात ना? तसंच चालवा आणि कांडी वर गेली की रीडिंग घ्या. धूरही तेवढाच कमी आड येईल.

अर्धवट_इंजिनियर
त्यापेक्षा कांडी काढून सिरॅमिक हीटर लावा. धूर नाही, राख नाही.

शांघायकर
सरांना खरा मोक्साच हवाय, हीटर म्हटलं की ते उठून जातात. ५ अंशवाला सेन्सर आला, लावला. आता सेन्सर ४२, थर्मोकपल ४१. चालेल! पण टिपणं सुरू केल्यावर राख पॅडवर पडते. त्याचं काय करू?

खटपट्या
मोक्साच्या डब्यात असते तशी बारीक जाळी टोकाखाली लावा. जाळी थोडी उष्णता अडवेल, थर्मोकपलवर पुन्हा ताडून घ्या. आणि शुक्रवारी पॅडच ठेवा, सरांचा गुडघा नको.