हिवाळ्यातला लॉकडाऊन: घरात दिवस कसा लावायचा? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सचिव: नमस्कार मंडळी. लॉकडाऊन, वर थंडी आणि लवकर पडणारा अंधार. दिवस अंगावर येतो, असं बऱ्याच जणांनी कळवलंय. आज ग्रुपवर एवढाच विषय ठेवूया. फॉरवर्ड नकोत. ज्याला जे नीट ठाऊक आहे ते वेळ, माप, आकडे यांसकट लिहा.

सी-३०२: मी उजेडापासून सुरुवात करते, कारण हिवाळ्यात पहिला घोळ तिथेच होतो. घरातल्या दिव्यांचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, पण तो साधारण १०० ते ३०० लक्स असतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी दिवसा काही हजार लक्स सहज मिळतात. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या या उजेडावर चालतं. सकाळी तो मिळाला नाही की घड्याळ मागे सरकत जातं. मग रात्री झोप उशिरा, सकाळी जडपणा आणि दिवसभर मरगळ. हिवाळ्यात ठरावीक काळी येणाऱ्या उदासीला वैद्यकीय नाव मिळालं ते १९८४ मध्ये, नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. तेव्हा याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका.

करायचं काय? उठल्यावर पहिल्या तासात अर्धा तास बाल्कनीत किंवा अगदी खिडकीला लागून बसायचं. पडदे पूर्ण बाजूला. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत सरकलात की उजेड काही पटींनी घटतो, म्हणून खुर्ची खरंच खिडकीशी ओढा.

बी-५०१: ताई, आमच्या खिडकीत ऊन येतच नाही. मग उपयोग आहे का?

सी-३०२: आहे ना काका. थेट ऊन यायची गरज नाही, बसल्या जागेवरून आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे. समोर भिंतच असेल तर गच्चीत किंवा जिन्याच्या मोकळ्या बाजूला उभे राहा, अर्थात नियमांत बसत असेल तेव्हाच. सूर्याकडे मात्र कधीच टक लावायची नाही. आणखी एक, बंद काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. झोपेचं घड्याळ लावायला काचेमागचा उजेड चालतो, ड जीवनसत्त्वासाठी चालत नाही. या दोन गोष्टींची गल्लत नको.

ई-२०३: बाजारात उजेडाचे खास दिवे मिळतात, त्यांचं काय?

सी-३०२: काम करतात, पण माप पाळलं तर. १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा दिवा हवा. ते १०,००० लक्स किती अंतरावर मिळतात हे माहितीपत्रकात पाहा. बहुतेकदा अंतर ३० ते ६० सेंटिमीटर असतं. दिवा मीटरभर लांब ठेवला तर उजेड इतका घटतो की बसणं वाया जातं. सकाळी २० ते ३० मिनिटं, दिवा किंचित बाजूला, डोळे उघडे, नजर वाचनावर. संध्याकाळी लावलात तर रात्रीची झोप उडेल. डोळ्याच्या पडद्याचा विकार, बायपोलर आजार किंवा उजेडाची संवेदना वाढवणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

डी-४०४: उजेडानंतर प्रश्न येतो तो ‘मनच लागत नाही, मग करू काय’ हा. इथे क्रम उलटा लावावा लागतो. मन लागेल मग काम करू, असं म्हणत बसलं तर हात हलत नाहीत, आणि हात हलले नाहीत की मन आणखी खाली जातं. आधी छोटं काम, मन मागून येतं. उदासीच्या उपचारातही तज्ज्ञ ही पद्धत वापरतात.

एक कागद घ्या. डावीकडे वेळ, मध्ये काम, उजवीकडे दोन अरुंद रकाने. काम झालं की पहिल्या रकान्यात ‘बरं किती वाटलं’ आणि दुसऱ्यात ‘जमल्याचं समाधान किती’ याला ० ते १० गुण द्या. दोन्ही रकाने हवेत. कपाट आवरताना मजा २ असेल, पण समाधान ८ असू शकतं. उलट तासभर मोबाइल चाळल्यावर दोन्हीकडे २ पडले, तर ते कागदावर दिसतं आणि पटतं. आठवड्याने कागद समोर ठेवा आणि ज्यांना गुण जास्त ती कामं पुढच्या आठवड्यात वाढवा.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. एक, काम फार मोठं लिहिलं जातं. ‘घर आवरणे’ हे काम झालं नाही. ‘कपाटाचा वरचा कप्पा, २० मिनिटं’ हे काम. दुसरं, राहिलेली कामं उद्याच्या यादीवर लादली जातात, उद्याची परवावर, आणि चौथ्या दिवशी यादीकडे बघवत नाही. राहिलेलं खोडा. खरंच गरजेचं असेल तर ते आपसूक पुन्हा यादीत येईल. दिवसाला तीन पुरे: एक गरजेचं, एक शरीराचं, एक आवडीचं.

ए-१०३: व्यायामाचं मी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचे प्रकार आठवड्यातून तीनदा करावेत. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम. थंडीत आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करा. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता १० वेळा उठबस, भिंतीला हात टेकवून १० वेळा रेटणं, ओट्याला धरून १५ वेळा टाचा उचलणं. एवढ्याच्या दोन फेऱ्या. खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर मागे सरकते. जिने चढायला हरकत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना लिफ्ट घ्यावी, गुडघ्यावर जास्त भार उतरतानाच येतो.

आणि हवेबद्दल कळकळीने सांगतो. थंडी म्हणून घर पूर्ण बंद ठेवू नका. समोरासमोरच्या खिडक्या दिवसातून दोन-तीन वेळा ५ ते १० मिनिटं सताड उघडा. हवा बदलते, भिंती तेवढ्यात गार होत नाहीत. एकच खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवली तर उलट होतं: भिंत गार पडते, ओल धरते आणि कोपऱ्यात बुरशी येते. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं होतं आणि माणूस उठतच नाही. गॅस गीझर न्हाणीघरात असेल तर हवा खेळती हवी. विजेचा हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शनची वायर तापते.

बी-५०१: हे पिन करा सचिवसाहेब.

सचिव: केलं काका. आता हाताला काम देणारं कुणी सांगा. स्क्रीनशिवायचं हवं.

ई-२०३: वही शिवा. तासाभरात होते, सामान बहुतेक घरातच असतं आणि शेवटी हातात वस्तू राहते.

ए-फोर आकाराचे ६ कोरे कागद, मुखपृष्ठाला त्याच मापाचा एक जाड कागद, जाड सुई, दाभण, पट्टी आणि ५५ सेंटिमीटर मजबूत दोरा. दोऱ्याचं माप म्हणजे वहीच्या उंचीच्या अडीचपटीहून किंचित जास्त. प्रत्येक कागद वेगळा दुमडा. सहाही एकदम दुमडले तर घडी गोल राहते. मग एकात एक बसवा, बाहेरून मुखपृष्ठ. २४ पानांची वही झाली.

वही मधोमध उघडून घडीवर वरून ३५, १०५ आणि १७५ मिलिमीटरवर खुणा करा. खाली जुना पुठ्ठा ठेवून दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा. दाभण तिरकं गेलं की भोक पाठीच्या घडीवर न येता शेजारी येतं, म्हणून वही अर्धी उघडी धरा. आता आतून मधल्या भोकातून सुई बाहेर काढा, आत ८ सेंटिमीटर शेपूट ठेवा. बाहेरून वरच्या भोकात शिरा. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून पुन्हा मधल्या भोकात आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. तशी नसतील तर सुई परत काढा. टाका मध्ये धरून दुहेरी गाठ मारा, सेंटिमीटरभर ठेवून बाकी कापा.

दोरा नेहमी घडीच्या दिशेने ओढायचा. आडवा ओढला की कागद फाटतो. मधल्या भोकात परत येताना सुई आधीच्या दोऱ्यातून गेली तर दोरा आवळत नाही, म्हणून पहिला दोरा अंगठ्याने बाजूला दाबून ठेवा.

डी-४०४: माझ्या मते वही मिटत का नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडेल.

ई-२०३: हो, तेच लिहीत होते दादा. कागदाला धाटणी असते, तंतू एका दिशेने असतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. एक कागद फाडून पाहिलं की कळतं. ए-फोरमध्ये तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि आपण घडी त्यांना आडवी घालतो, म्हणून वही आ वासते. घडीवरून चमच्याची पाठ जोरात फिरवा आणि शिवून झाल्यावर रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा, बरीच बसते. आतली पानं किंचित बाहेर डोकावतात, ती शिवल्यावरच कापायची. स्टीलची पट्टी धरून कटरचे चार-पाच हलके हात. एका हातात कापायला गेलं की पट्टी सरकते.

सी-३०२: फार छान. डी-४०४ दादांचा गुणांचा कागद याच वहीत होऊन जाईल.

ए-१०३: बातम्यांचं थोडक्यात. दोन ठरावीक वेळा, प्रत्येकी १५ मिनिटं, झोपण्याआधीचा तास पूर्ण वर्ज्य. मनात घोळणाऱ्या काळजीलाही अशीच वेळ द्या: रोज संध्याकाळी १५ मिनिटं, कागदावर. एका बाजूला आपल्या हातात असलेलं, दुसऱ्या बाजूला नसलेलं. एरवी काळजी आली की एक शब्द टिपायचा आणि त्या वेळेपर्यंत थांबायचं.

बी-५०१: एकटे राहणारे वयस्कर तीन-चार घरांत आहेत. त्यांच्यासाठी?

डी-४०४: काका, जोड्या लावूया. एक घर, एक फोन, रोज ठरलेली वेळ. ‘बरं आहे ना?’ विचारलं की ‘हो’च उत्तर येतं. त्याऐवजी ‘आज किती वाजता उठलात? खिडकीशी बसलात का? औषध घेतलं का?’ असं विचारा. ठरल्या वेळी फोन उचलला नाही तर १५ मिनिटांनी पुन्हा, तरीही नाही तर दार वाजवा. दोन आठवडे बहुतेक दिवस उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली असेल तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. जगणं नकोसं झालंय असं कुणी बोललं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी सोबत राहा आणि तातडीची वैद्यकीय मदत मागवा.

सचिव: जोड्यांची यादी आज रात्री ८ वाजता टाकतो. फोन करायला कोण तयार आहे, फ्लॅट क्रमांक आणि सोयीची वेळ इथे लिहा.

सी-३०२: सी-३०२, सकाळी १०.

बी-५०१: बी-५०१, संध्याकाळी ५. आणि ई-२०३ ताई, नातवंडांसाठी दाभणाऐवजी काय वापरू?

ई-२०३: भोकं तुम्हीच पाडून द्या काका. मुलांना बोथट टोकाची लोकरीची सुई द्या. भोक मात्र जरा मोठं लागेल, नाहीतर सुई अडकते आणि मुलं आडवी ओढतात.